क्वांटम डॉट का लुकलुकतो? सरासरीत लपलेल्या अंधाराची गोष्ट

 

२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉटच्या शोधाला मिळालं, तेव्हा आपण त्यावर एक भाग केला होता. तो ऐकून एका श्रोत्यानं मेल पाठवला. मजकूर दोनच ओळींचा. हे ठिपके इतके तेजस्वी, त्यांचा रंग इतका शुद्ध, असं तुम्ही सांगितलंत. पण ते लुकलुकतात असं मी वाचलं, ते का? आणि तुम्ही ते सांगितलं का नाहीत?

खरं सांगतो, मी ते सांगितलं नाही कारण मला ती किरकोळ भानगड वाटली होती. वाटलं, पुढच्या भागाच्या शेवटी पाच मिनिटांत उत्तर देऊन टाकू. मग वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की ही किरकोळ भानगड नाही. या एका प्रश्नावर जवळजवळ तीस वर्षं चांगल्या चांगल्या प्रयोगशाळा झगडल्या आहेत, आणि उत्तर मिळालं असं वाटलं की ते दर वेळी थोडं सरकलं आहे. म्हणून आजचा अख्खा भाग त्या मेलला उत्तर म्हणून.

आधी उजळणी. क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा अतिशय बारीक स्फटिक. आकार साधारण दोन ते दहा नॅनोमीटर, म्हणजे त्यात काही शंभर ते काही दहा हजार अणू. त्याच्यावर निळा किंवा अतिनील प्रकाश टाकला की आतला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो आणि मागे रिकामी जागा सोडतो. त्या जागेला म्हणायचं 'होल'. इलेक्ट्रॉन परत येऊन होलला भेटला की एक प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, बाहेर पडतो. ठिपका लहान असेल तर प्रकाश निळ्याकडे झुकतो, मोठा असेल तर लाल रंगाकडे. इथपर्यंत आपण गेल्या वेळी आलो होतो.

आता कल्पना करा, रात्री तुम्ही सिंहगडावरून पुण्याकडे बघताय. खाली दिव्यांचा एक शांत, स्थिर पट्टा दिसतो. तो लुकलुकत नाही. पण त्या पट्ट्यातल्या एका घराच्या एका खिडकीवर दुर्बीण लावलीत तर? दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. शहर स्थिर आहे, खिडकी स्थिर नाही. क्वांटम डॉटचं हेच झालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लेनिनग्राडमध्ये अलेक्सी एकिमॉव्ह यांनी काचेत आणि अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये लुई ब्रूस यांनी द्रावणात असे स्फटिक अभ्यासले. १९९३ मध्ये एमआयटीत मौंगी बावेंडी यांच्या गटानं एकसारख्या आकाराचे ठिपके करण्याची पद्धत दिली. हे सगळे लोक एका वेळी कोट्यवधी ठिपक्यांचा प्रकाश मोजत होते. म्हणजे सिंहगडावरून शहर बघत होते.

मग खिडकीवर दुर्बीण लावायची कल्पना आली कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९५२ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी एक निबंध लिहिला. प्रश्न होता, पुंज उड्या खरोखर असतात का? त्यात त्यांचं म्हणणं असं होतं, की आपण एकट्या अणूवर किंवा एकट्या इलेक्ट्रॉनवर कधीच प्रयोग करत नाही. कागदावरच्या काल्पनिक प्रयोगात तसं धरून चालतो, एवढंच. प्राणिसंग्रहालयात इक्थिओसॉर पाळण्याइतकीच ती गोष्ट शक्य आहे, असा त्यांचा टोमणा होता. इक्थिओसॉर म्हणजे डायनासोरांच्या काळातला समुद्री सरपटणारा प्राणी.

श्रोडिंगर १९६१ मध्ये गेले. त्यानंतर पाव शतकानं, १९८६ मध्ये, तीन गटांनी तो इक्थिओसॉर पाळून दाखवला. सिएटलमध्ये हान्स डेमेल्ट यांचा गट, हॅम्बर्गमध्ये पीटर टोशेक यांचा गट आणि बोल्डरमध्ये डेव्हिड वाइनलंड यांचा गट. त्यांनी विद्युत क्षेत्राच्या सापळ्यात एकच आयन पकडून ठेवला आणि त्यावर लेझर टाकला. आयन चमकत होता. मध्येच तो एकदम विझला. काही वेळानं पुन्हा लागला. इलेक्ट्रॉन एका लांब टिकणाऱ्या पातळीवर जाऊन बसला की अंधार, परतला की उजेड. पुंज उडी डोळ्यांनी बघावी तशी ही नोंद होती.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे याची गरज लागणार आहे. आयनाचा अंधार अगदी शिस्तीचा असतो. तो किती वेळ टिकेल हे एका वेळी सांगता येत नाही, पण त्याला ठरलेली सरासरी असते. किरणोत्सर्गी पदार्थाला अर्धायुष्य असतं ना, तसंच.

पाठोपाठ रेणूंची पाळी आली. १९८९ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत विल्यम मर्नर आणि लोथार काडोर यांनी द्रव हेलियमच्या थंडीत एका रेणूनं शोषलेला प्रकाश ओळखला. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बोर्दो इथे मिशेल ओरी आणि जॅकी बर्नार यांनी एका रेणूनं दिलेला प्रकाश पकडला. एकेकट्याला बघण्याची कला आता हाती आली होती.

आणि मग आलं १९९६. एमआयटीच्या बावेंडी गटातले मनोज निर्मल आणि सहकारी, लुई ब्रूस यांच्यासह, कॅडमियम सेलेनाइडचा एकेक ठिपका बघत होते. लेझर अखंड चालू. ठिपका मात्र लागतो, विझतो, पुन्हा लागतो. साधारण अर्ध्या सेकंदाच्या हिशेबानं हा खेळ चालू. 'नेचर'मध्ये छापलेल्या त्या निबंधात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की समूहाच्या मोजणीत हे दिसतच नाही.

जरा थांबून विचार करा. दहा-पंधरा वर्षं जगभर लोक हे ठिपके मोजत होते. लुकलुक तेव्हाही होती. पहिल्या दिवसापासून होती. पण सरासरीनं ती पुसून टाकली होती. एखाद्या द्रावणाचा प्रकाश शंभरातला तीस टक्केच का, असा प्रश्न पडला तर वाटायचं, प्रत्येक ठिपका थोडा मंद असेल. आता दुसरी शक्यता समोर आली: काही ठिपके पूर्ण उजळलेले आणि बाकीचे या क्षणी पूर्ण विझलेले. आकडा तोच, गोष्ट वेगळी.

मग कारण काय? त्या पहिल्याच निबंधात दोन सुगावे होते. लेझर वाढवला की उजेडाचा काळ कमी व्हायचा. आणि ठिपक्यावर झिंक सल्फाइडचं कवच चढवलं की उजेडाच्या आणि अंधाराच्या वेळा बदलायच्या. म्हणजे भानगड पृष्ठभागाशी आहे आणि प्रकाशामुळेच घडते आहे. १९९७ मध्ये अलेक्झांडर एफ्रोस आणि मर्विन रोझेन यांनी याचं सैद्धांतिक चित्र मांडलं. हे एफ्रोस म्हणजे सोव्हिएत काळात एकिमॉव्ह यांच्या प्रयोगांना सिद्धांताची बाजू देणारे.

चित्र असं. कधीतरी इलेक्ट्रॉन आणि होल यांच्यातला एक जण ठिपक्याबाहेर निसटतो आणि पृष्ठभागावरच्या एखाद्या खळग्यात अडकतो. मागे एक जादा विद्युतभार उरतो. आता लेझरमुळे नवी जोडी तयार झाली की तिची ऊर्जा फोटॉन होऊन बाहेर पडायच्या आत तो तिसरा, जादा भारच ती घेऊन टाकतो आणि तिची उष्णता करून टाकतो. या हिसकावण्याला ऑजे प्रक्रिया म्हणतात. अणूंमध्ये ती लिझ माइट्नर यांनी १९२२ मध्ये आणि पुढे स्वतंत्रपणे पिएर ऑजे यांनी दाखवली होती. कॅडमियम सेलेनाइडमध्ये फोटॉन बाहेर पडायला काही दहा नॅनोसेकंद लागतात. ऑजे त्याच्या शंभर पट किंवा त्याहूनही जलद. शर्यत कोण जिंकणार हे उघड आहे. निसटलेला भार घरी परतेपर्यंत ठिपका अंधारात. परतला की पुन्हा उजेड.

सुंदर चित्र आहे. मलाही इथेच थांबावंसं वाटलं होतं. पाठ्यपुस्तकी उत्तर म्हणून ते अजूनही दिलं जातं.

पण २००० मध्ये कोलोरॅडोत मसारू कुनो, डेव्हिड नेस्बिट आणि सहकाऱ्यांनी अंधाराच्या कालावधींची नीट गणती केली. एकच खळगा असेल तर आयनासारखी शिस्तीची सरासरी मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. मिळाला तो घातांकी नियम. वेळेच्या एक लाख पट पसाऱ्यावर तोच नियम. अगदी लहान अंधार भरपूर, मोठे अंधार कमी, पण फार मोठा अंधार कधी येणारच नाही असं नाही.

याचा अर्थ काय, ते साध्या भाषेत सांगतो. तुम्ही एसटीची वाट बघताय. रोज कमी-जास्त वेळ लागतो, पण महिनाभर नोंद ठेवलीत तर सरासरी कळते, आणि दुसऱ्या महिन्यातही जवळपास तीच येते. क्वांटम डॉटची एसटी तशी नाही. दहा मिनिटं बघितलंत तर सर्वांत लांब अंधार, समजा, दोन मिनिटांचा सापडेल. दहा तास बघितलंत तर दोन तासांचा सापडेल. जितकं जास्त बघाल, तितका मोठा अंधार सापडत राहणार, आणि तो एकटाच एकूण वेळेचा मोठा हिस्सा खाणार. अशा अंधाराला सरासरीच नसते. वही जितकी भरत जाते, तितका आकडा वाढत जातो.

२००३ मध्ये पॅरिसमधल्या एका गटानं यातून निघणारी चमत्कारिक गोष्ट दाखवली. त्यात एकेका रेणूचा माग काढणारे माक्सिम दाआँ होते आणि काचेच्या व शेअर बाजाराच्या गणितासाठी ओळखले जाणारे जाँ-फिलिप बूशो होते. पदार्थविज्ञानात आपण एक गोष्ट गृहीत धरतो: एकाला खूप वेळ बघा किंवा खूप जणांना एकदम बघा, उत्तर एकच येतं. इथे ते येत नाही. एकसारखे ठिपके, एकसारखा लेझर, तरी प्रत्येकाचा हिशेब वेगळा. शिवाय समूहाचा प्रकाश वेळ जाईल तसा घटतो, जणू ठिपके म्हातारे होताहेत. प्रत्यक्षात ते खराब झालेले नसतात. लांबलांब अंधारात अडकलेल्यांची संख्या वाढत जाते, इतकंच. ज्या सरासरीनं लुकलुक लपवली, तिचाच पाया इथे खचला.

ही नुसती गणितातली गंमत नव्हती, बरं का. त्याच वर्षी दाआँ आणि सहकाऱ्यांनी जिवंत चेतापेशीवर एकेका ग्राही प्रथिनाला क्वांटम डॉट चिकटवून त्याच्या हालचाली टिपल्या. लुकलुकतोय म्हणजे ठिपका एकटाच आहे, ही खात्री पटायची. पण विझला की वाट हरवायची. आणि ज्यांना एका वेळी नेमका एकच फोटॉन देणारा स्रोत हवा आहे, गुप्त संदेशवहनासाठी किंवा क्वांटम संगणनासाठी, त्यांची अडचण तर सरळच आहे. बटण दाबलं आणि ठिपका नेमका तेव्हा झोपलेला! टीव्हीच्या पडद्याला याचं काही वाटत नाही, तिथे असंख्य ठिपके असतात. अडचण येते ती एकट्यावर भरवसा ठेवणाऱ्याला.

उपाय म्हणून २००८ मध्ये लॉस अलामोस आणि पॅरिस इथल्या गटांनी ठिपक्यावर खूप जाड कवच चढवलं. लुकलुक मोठ्या प्रमाणात थांबली. भार निसटण्याच्या चित्राला बळ मिळालं.

पण लगेच २०१० मध्ये बावेंडी यांच्याच गटानं, म्हणजे जिथे लुकलुक पहिल्यांदा दिसली त्याच घरातून, हिशेब तपासला. भारित ठिपका जितका मंद असायला हवा, त्याहून हा अंधार कितीतरी गडद होता. नुसत्या ऑजेनं तो भरून निघत नव्हता. २०११ मध्ये लॉस अलामोसच्या व्हिक्टर क्लिमोव्ह यांच्या गटानं ठिपक्याला विद्युत घटात बसवून, बाहेरून भार देत-घेत, प्रयोग केला. त्यांना लुकलुकीच्या दोन जाती सापडल्या. पहिलीत प्रकाश घटतो तसा उत्सर्जनाचा कालही आखूड होतो. ही जुनी, भाराची गोष्ट. दुसरीत प्रकाश घटतो, पण कालात फरक पडत नाही. इथे इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली स्थिरावण्याआधीच पृष्ठभागावरचा खळगा त्याला गिळतो. फोटॉनची शर्यत सुरूच होत नाही.

म्हणजे बघा, 'लुकलुकीचं कारण' हा शब्दप्रयोगही एक सरासरीच होता. आपण सगळ्या ठिपक्यांना एकच कारण लावत होतो.

आता येऊ पेरॉव्हस्काइटकडे. हे नाव १८३९ चं. उरल पर्वतातल्या एका खनिजाला गुस्ताव रोझे यांनी रशियन सरदार लेव्ह पेरॉव्हस्की यांचं नाव दिलं. आज तशी रचना असलेल्या सगळ्या पदार्थांना ते वापरतात. २०१५ मध्ये झुरिकच्या ईटीएचमध्ये माक्सिम कोव्हालेन्को यांच्या गटानं सीझियम, शिसं आणि क्लोरिन-ब्रोमिन-आयोडिन यांचे नॅनोस्फटिक केले. करायला सोपे, आणि कवच न चढवताच ९० टक्क्यांपर्यंत प्रकाश देणारे. कॅडमियमच्या ठिपक्यांना जे कवचानं मिळायचं, ते यांना जन्मतः मिळालं होतं. कारण या पदार्थात दोष राहिले तरी बहुतेक दोषांच्या ऊर्जापातळ्या अडचणीच्या जागी येत नाहीत.

मग हे लुकलुकतात का? इथे गोष्ट आपल्या घराजवळ येते. त्याच २०१५ मध्ये पुण्याच्या आयसरमधले अंग्शुमन नाग आणि आयआयटी मुंबईतले अरिंदम चौधरी यांच्या गटांनी सीझियम लेड ब्रोमाइडचे ११ नॅनोमीटरचे एकेकटे स्फटिक तपासले. अभिषेक स्वर्णकार त्या निबंधाचे पहिले लेखक. त्यांना दिसलं, की साधारण ९० टक्के स्फटिक ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उजळलेलेच राहतात. लुकलुक बरीच दबलेली. पाषाण आणि पवई इथलं हे काम या विषयातल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी आहे, हे मला गेल्या भागात सांगता आलं असतं. राहून गेलं. म्हणून आज सांगतो.

दबलेली, पण संपलेली नाही. त्याच वर्षी लॉस अलामोसच्या गटाला पेरॉव्हस्काइट ठिपक्यांत भार येण्या-जाण्याची ती पहिली जात दिसली. आणि स्वीडनमध्ये लुंड इथे युशी तियान आणि इव्हान शेब्लिकिन यांच्या गटाला तर आणखी विचित्र गोष्ट दिसली. त्यांचे पेरॉव्हस्काइट स्फटिक शेकडो नॅनोमीटरचे होते, क्वांटम डॉट म्हणावेत असे नव्हतेच. तरी अख्खा स्फटिक एकदम लुकलुकायचा! इतक्या मोठ्या घरात एकच खळगा जागा झाला, की भटकत येणारे सगळे इलेक्ट्रॉन तोच गिळतो. तो झोपला की घर पुन्हा उजळतं.

यावरून काय कळतं? लुकलुक ही आकार लहान असल्याची अपरिहार्य किंमत नाही. सापळ्यातल्या आयनाची लुकलुक हा निसर्गाचा नियम आहे, ती थांबवता येत नाही. ठिपक्याची लुकलुक ही पृष्ठभागाची बातमी आहे. आणि पेरॉव्हस्काइटचा पृष्ठभाग फार चंचल. हा मीठासारखा आयनी पदार्थ, स्फटिक मऊ. त्याला झाकणारे लांब सेंद्रिय रेणू, ज्यांना लिगँड म्हणतात, ते घट्ट बसत नाहीत, सारखे सुटतात आणि चिकटतात. एखादा सुटताना ब्रोमाइड आयनही घेऊन जातो आणि मागे खळगा राहतो. खळगे तयार होतात, भरतात, जागा बदलतात. म्हणूनच अंधाराला ठरलेली वेळ नसावी, असं आज बरेच जण मानतात. पण नेमका तोच घातांकी नियम इतक्या वेगवेगळ्या पदार्थांत का दिसतो, यावर अजून एकमत झालेलं नाही.

पृष्ठभागच कारण असेल तर उपायही तिथेच हवा. २०२५ च्या सुरुवातीला ओक्लाहोमा विद्यापीठातल्या यितोंग डोंग यांच्या गटानं सीझियम लेड ब्रोमाइडच्या ठिपक्यांवर असे लिगँड बसवले, की शेजारचे रेणू एकमेकांवर चवडीसारखे रचले जाऊन एकमेकांना धरून ठेवतात. पृष्ठभाग जागच्या जागी राहिला. एकेकटा ठिपका अखंड बारा तास चमकला, जवळजवळ न लुकलुकता. शिशाचा प्रश्न आहे, वर्षानुवर्षं टिकण्याचा प्रश्न आहे. पण एकट्यावर भरवसा ठेवण्याच्या दिशेनं हे मोठं पाऊल आहे.

तर ज्या श्रोत्यानं विचारलं, त्यांना माझं उत्तर. ठिपका लुकलुकतो कारण त्याच्या पृष्ठभागावर काहीतरी सतत हलत असतं: कधी भार निसटतो, कधी खळगा जागा होतो. आणि मी ते सांगितलं नाही, कारण मीही सिंहगडावरून शहर बघत होतो. नव्वद टक्के कार्यक्षमता हा आकडा वाचला आणि समाधान मानलं. ते नव्वद टक्के कोणाचे, सगळ्यांचे थोडे थोडे की काहींचे पूर्ण, हे विचारायला हवं होतं. ते तुम्ही विचारलंत. आभार.